आधी खुणा, मग नाव

माझ्या नाकाच्या शेंड्यावर राग असतो, असं आई म्हणते. पायाला भिंगरी बांधलेली असते, असं बाबा म्हणतात. दोघांनाही मी उलट उत्तरं देते, पण दोघांचंही खरं आहे. मी बायकांचे केस कापते. घराच्या पुढच्या खोलीत माझे दोन आरसे, दोन फिरत्या खुर्च्या आणि केस धुवायचं बेसिन आहे. त्याच खोलीत खिडकीपाशी बाबांचं घड्याळदुरुस्तीचं टेबल आहे. माझ्या बाजूला कात्री आणि गप्पा, त्यांच्या बाजूला टिकटिक आणि शांतता. एकाच खोलीत हे दोन धंदे इतकी वर्षं भांडणाशिवाय कसे चालले, असं कोणी विचारलं तर सांगते, भांडणाशिवाय चाललेच नाहीत.

बाबांना वेड दोनच गोष्टींचं. बंद पडलेली घड्याळं आणि साप. सुट्टीच्या दिवशी सकाळी ते कालव्याच्या बांधावर फिरायला जायचे आणि मला चालता यायला लागलं तेव्हापासून मलाही ओढून न्यायचे. हळूहळू आणखी लोक येऊ लागले. कोपऱ्यावरचा बेकरीवाला, पोस्टातल्या बाई, कधी कोणाकडे आलेले पाहुणे. साप दिसला की बाबा सगळ्यांना काठीभर लांब उभं करत आणि विचारत, "खुणा?" मग ओळीनं सांगायचं. डोकं कसं, मान कशी, अंगावर काय, शेपूट कशी. नाव सगळ्यात शेवटी. कोणी आधीच "नाग, नाग!" म्हणून नाचायला लागलं की ते शांतपणे म्हणत, "एकदा नाव घेतलं की डोळे बघायचं थांबवतात. आधी खुणा, मग नाव."

ह्या नियमापायी सगळ्यात जास्त बोलणी मी खाल्ली. धामणीला नाग आणि दोरीला धामण म्हणणारी मीच. म्हणून बाबांनी मला घाईबाई म्हणायला सुरुवात केली आणि तेच चिकटलं. तसंही आमच्या घरात खऱ्या नावानं कोणी कोणाला हाक मारत नाही. मी घाईबाई, बाबा म्हणजे आईचे "अहो" आणि आई म्हणजे बाबांची "अगं". आईलाही एक नाव आहे हे मला शाळेचा अर्ज भरताना कळलं, आणि ते इतकं सुंदर निघालं की मी गुरुजींसमोर थक्क होऊन उभी राहिले होते.

आमच्या भागातले झाडून सगळे साप बाबांनी पाहिले होते. एकच राहिला होता, पोवळा. करंगळीपेक्षाही बारीक, पालापाचोळ्याखाली दडून राहणारा, वरून अगदी साधा आणि रंग सगळे खालच्या अंगाला लपवणारा. विषारी, पण स्वभावानं बुजरा. पुस्तकातलं त्याचं चित्र बाबा भिंगातून बघत बसायचे. "तो मला टाळतोय," म्हणायचे. आई आतून ओरडायची, "हुशार आहे मग!"

बाबांचे डोळे गेले ते आम्हाला कळलं नाही, कारण त्यांनी ते फार सफाईनं लपवलं. नवी घड्याळं दुरुस्तीला घेणं बंद केलं, तर म्हणाले, "आता काट्यांची घड्याळं वापरतंय कोण?" पेपर आईकडून वाचून घ्यायला लागले, तर म्हणाले, "तुझ्या आवाजात बातम्या जरा बऱ्या वाटतात." आई चक्क लाजली. ह्या वयात नवरा लाडात आलाय असं वाटल्यासारखी ती रोज पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत पेपर वाचून दाखवू लागली.

मग तो दिवस आला. लाकडाच्या वखारीमागे एक फळी पडली होती, ती बेकरीवाल्यानं काठीनं उचलली. खाली एक काळा साप वेटोळं करून बसला होता, अंगावर बारीक पांढरे पट्टे. बाबा वाकले. आणि कधी नव्हे ते कोणालाही खुणा न विचारता म्हणाले, "कवड्या आहे. बिनविषारी. उचलून गवतात सोडा, नाहीतर वखारीतली माणसं बिचाऱ्याला ठेचतील."

बाबांनी सांगितलं म्हटल्यावर प्रश्नच नव्हता. बेकरीवाला बाह्या सरसावून खाली बसला. मी त्याच्या खांद्यावरून बघत होते. कवड्याचे पट्टे मानेपासून सुरू होतात आणि शेपटीकडे विरत जातात, हे मला बाबांनीच घोकून घोकून पाठ करायला लावलं होतं. ह्याची मान कोरी होती. पट्टे बरेच खालून, जोडीजोडीनं सुरू होत होते आणि शेपटीपर्यंत ठसठशीत होते. मण्यार. कवड्यासारखी दिसणारी, आणि जिच्या चाव्यानं माणूस उठत नाही अशी.

"हात मागे!" मी अशी किंचाळले की बेकरीवाला चिखलात उताणा पडला. मण्यार निवांतपणे लाकडांच्या ढिगाखाली निघून गेली. कोणाला काही झालं नाही. पोस्टातल्या बाई हसायला लागल्या आणि हसताहसता रडायला लागल्या. बाबा तिथेच उभे होते.

"मान कोरी होती?" त्यांनी मला विचारलं.

"हो."

"मला वाटलं..." ते म्हणाले आणि घराकडे वळले.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे मीच त्यांना घेऊन गेले. आई बाहेर बाकावर थांबली होती. डॉक्टर म्हणाले, नजरेचा मधला भाग गेलाय, कडेचं दिसत राहील, गेलेलं परत येणार नाही. बाबांनी मान हलवली. "जिकडे बघावं तेवढंच पुसलं जातं," ते म्हणाले. "कडेला खिडकी दिसते, पडदा दिसतो. मधे काही नाही."

"माणसांचे चेहरे?" डॉक्टरांनी विचारलं.

"आवाज येतात की," बाबा म्हणाले. मग माझ्याकडे वळून हळूच, "हे तुझ्या आईला सांगायचं नाही."

मी नाही सांगितलं. पण त्या दिवसापासून माझं लक्ष जायला लागलं. आई चहा घेऊन आली की बाबा तिच्या चेहऱ्याकडे न बघता तिच्या खांद्याच्या पलीकडे कुठेतरी बघायचे. आईला ते रुसलेत असं वाटत असणार, असं मी समजत होते.

फिरणं बंद झालं. बूट माळ्यावर गेले. बाबा रिकाम्या टेबलापाशी बसून राहायला लागले, हात मांडीवर. माझ्या गिऱ्हाईक बायका "कसे आहात काका?" म्हणून विचारायच्या, ते आवाजावरून ओळखून "बरा आहे" म्हणायचे, पुढे तोंडाला कुलूप. सकाळी बेकरीवाला पाव द्यायला आला की बाबा खुर्चीत डोळे मिटून झोपेचं सोंग घ्यायचे. बेकरीवाला दारात घुटमळायचा, माझ्याकडे बघायचा आणि पाव ठेवून निघून जायचा.

"त्याचा तुमच्यावर राग नाहीये," मी एकदा म्हणाले.

"त्याचा जीव गेला असता, घाईबाई."

"गेला नाही ना पण!"

"मला मान दिसत नव्हती. विचारायला हवं होतं. विचारलं असतं तर दिसत नाही हे कळलं असतं सगळ्यांना." त्यांनी हात पुसला, हाताला काही लागलेलं नसताना. "नाव सांगायचा मला आता हक्क नाही."

मी समजूत घातली, भांडले, अबोला धरला. माझ्यासारखीनं अबोला धरणं म्हणजे काय ते आमच्या गल्लीला माहीत आहे. काही उपयोग झाला नाही. खरं सांगायचं तर मला त्यांच्या डोळ्यांची तितकी भीती वाटत नव्हती, जितकी त्यांच्या गप्प बसण्याची वाटत होती. जेवण अर्ध्यावर आलं होतं, शर्ट खांद्यावर लोंबायला लागला होता. हा माणूस ह्या खुर्चीतच संपणार असं वाटून कधीकधी माझी कात्री मधेच थांबायची.

सुट्टीच्या एका सकाळी चिडून मी एकटीच बांधावर गेले. बांधाखालून पाणी जातं त्या मोरीपाशी गवतात काहीतरी जाडजूड पडलेलं दिसलं आणि मी आल्या पावली परत फिरले. घरात शिरता शिरता म्हणाले, "आज मोरीपाशी घोणस होती. ही एवढी!"

मी चपला काढल्या. तर खिडकीपाशी बसलेल्या बाबांचा आवाज आला, "खुणा?"

मी गर्रकन वळले. त्यांनाही बहुतेक स्वतःचा आवाज ऐकून नवल वाटलं असावं.

"जाड होती. अंगावर चट्टे होते."

"चट्टे ओळीत, साखळीसारखे? की कसेही फासलेले?"

"ते... चट्टे होते, बाबा."

"शेपूट निमुळती की बोथट?"

"शेपूट गवतात होती."

"डोकं?"

"तेही गवतात होतं."

"म्हणजे तू साप बघितलास कुठे? मधलं मधलं बघून आलीस!" बाबांचा आवाज चढला. कितीतरी दिवसांनी चढला. "डुरक्या असेल. बिचारा निरुपद्रवी डुरक्या, आणि तू गावभर घोणस घोणस करत सुटशील, लोक काठ्या घेऊन जातील. इतक्या वर्षांत हेच शिकवलं मी?"

मी हे मुद्दाम केलं, असं आई आजही सगळ्यांना कौतुकानं सांगते. मी तिला सांगू देते. खरं म्हणजे मी पाहिलंच नव्हतं.

"एवढंच असेल तर चला तुम्ही," मी म्हणाले. "दाखवते."

बाबांनी मांडीवरचे हात उचलून टेबलावर टेकले. मग बाबा म्हणाले, "बूट कुठे आहेत?" आतमध्ये आईच्या हातातून काहीतरी धाडकन पडलं.

रस्त्यानं त्यांनी माझा हात धरला नाही. कालव्यापर्यंत काठीनं चाचपत माझ्यापुढे चालत होते, सगळं पाठ असल्यासारखं दाखवत. बांधाच्या चढावर पाय घसरला तेव्हा माझं कोपर पकडलं, आणि मग सोडलं नाही. मी त्यावर काही बोलले नाही. मलाही कधीकधी कळतं.

मोरीपाशी काही नव्हतं. गवत दबलेलं होतं, तेवढंच. बाबांनी वाकून ते हातानं चाचपलं. आम्ही पुढे झाडीतून वळणाऱ्या वाटेनं निघालो. ऊन पानांतून खाली येत होतं. वाटेच्या मधोमध, कुजलेल्या पानांत, काहीतरी हललं. बुटाच्या नाडीएवढं.

"वाळा आहे, बिनविषारी," मी म्हणाले. "थांबा, बाजूला करते. कोणाच्या तरी सायकलखाली जाईल." आणि मी खाली वाकले.

"खुणा," बाबा म्हणाले.

"अहो बाबा, वाळा आहे. गांडुळाएवढा तर आहे!"

"घाईबाई. हात मागे."

मी हात मागे घेतला आणि तणतणत उकिडवी बसले. सायकलवाला येण्याआधी हा सोहळा उरकायचा होता.

"डोकं. काळं आहे."

"नुसतं काळं?"

मी जरा पुढे वाकले. "नाही. पिवळे ठिपके आहेत, बारीक. मानही काळी."

"अंग?"

"फिकट तपकिरी. त्यावर बारीक काळी टिंबं, ओळीनं. पेन्सिलनं काढल्यासारखी." माझा आवाज आपोआप खाली येत चालला होता. वाळा काळसर, चकचकीत असतो. त्याला डोकं कुठलं आणि शेपूट कुठली तेही कळत नाही.

"शेपूट?"

"शेपटीला काळं कडं आहे. एक बुडाशी. आणि एक टोकापाशी."

बाबा माझ्या खांद्यावर हात टेकून माझ्याजवळ वाकले. मला काय दिसतंय हे मला तोवर कळून चुकलं होतं. मी तोंड उघडलं, तर ते घाईनं म्हणाले, "नाव नको. अजून नको. शेपूट वर करतोय का बघ."

आम्ही थांबलो. त्या एवढ्याशा सापानं आमचा अंदाज घेतला. आणि मग शेपटीचं टोक गोल गुंडाळून वर उचललं.

"करतोय," मी म्हणाले. "खालून निळी आहे, बाबा. आकाशी. आणि पोट लाल आहे. लालभडक."

बाबा वाटेतच खाली बसले. मातीत, इस्त्रीच्या पँटीसकट. आम्ही दिशा नेहमी घड्याळावरून सांगतो, तीन वाजता म्हणजे उजवीकडे, नऊ म्हणजे डावीकडे. त्यांनी विचारलं, "किती वाजता आहे?"

"बारा वाजता. अगदी समोर."

बाबांनी मान वळवली, तीनकडे. मग नऊकडे. साप डोळ्याच्या कडेत यावा म्हणून ते त्याच्याकडे पाठ फिरवल्यासारखं बघत होते, एकदा ह्या बाजूनं, एकदा त्या बाजूनं. दिसू दे, मी मनात म्हणत होते. आयुष्यभर ज्याला शोधलं तो पुढ्यात येऊन बसलाय, एवढं तरी दिसू दे.

"नाही," बाबा म्हणाले. "फार बारीक आहे."

पण ते हसत होते.

"तू बघ," ते म्हणाले. "नीट बघ. माझ्या वाटणीचंही बघ आणि सांगत राहा."

मी सांगत राहिले. तो मान कशी वळवतो, पानाच्या कडेवरून कसा सरकतो, उन्हात आला की पाठीवरची टिंबं कशी उठून दिसतात. आयुष्यात मी कुठल्याच गोष्टीकडे इतका वेळ बघितलं नव्हतं. पोवळा पाचोळ्याखाली शिरला, शेपटीचं शेवटचं कडंही गेलं, तेव्हा मी रडत होते.

"आता नाव," बाबा म्हणाले.

"पोवळा."

"पोवळा," ते म्हणाले, चव घेतल्यासारखं. मग त्यांच्या लक्षात आलं. "आणि तू त्याला हातानं उचलणार होतीस!"

"हो."

"तुझे डोळे तर चांगले आहेत."

"हो, बाबा."

ते काठी टेकून उठले, पँट झटकली. "म्हणजे दोष डोळ्यांचा नव्हता," ते म्हणाले. "मी विचारलं नाही, हा होता."

परत येताना ते बेकरीपाशी थांबले. बेकरीवाला भट्टीतून ट्रे बाहेर काढत होता, त्याच्या भुवयांनाही पीठ लागलं होतं. बाबांना दारात बघून तो ट्रे हातात तसाच धरून उभा राहिला.

"त्या दिवशी मला दिसत नव्हतं," बाबा म्हणाले. "दिसत नाही हे मी सांगितलं नाही, न बघता नाव सांगितलं. तुझा जीव गेला असता. माझं चुकलं."

ट्रे गरम होता, हात पोळत होते, तरी बेकरीवाल्याला तो ठेवायचं भान नव्हतं. शेवटी तो म्हणाला, "काका, सुट्टीच्या दिवशी मी चारला उठून पाव लावतो, का तर फिरायला मोकळं व्हावं म्हणून. इतके दिवस लवकर उठून नुसता बसून आहे. येत्या सुट्टीला निघायचं का?"

"खुणा तुम्ही सांगायच्या. सगळ्यांनी."

"सांगू."

"मी नुसता विचारणार."

"अहो, आधीही तुम्ही तेच करत होता की!" बेकरीवाला म्हणाला आणि मग "आई गं!" म्हणून त्यानं ट्रे खाली टाकला.

घरी आलो तर आई दारातच उभी होती. बाबांच्या पँटीवरची माती बघून तिच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. पडलात का, लागलंय का, हिच्या नादी लागून ह्या वयात. बाबा उंबऱ्याशी थांबले. तिच्या दिशेनं बघत होते, आणि मला माहीत होतं, बघत होते तेवढंच पुसलं जात होतं.

"घाईबाई," ते म्हणाले. "खुणा सांग."

"कसल्या?"

"समोर आहे तिच्या."

आई बोलता बोलता गप्प झाली. तिनं माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं होतं, चेहरे दिसत नाहीत ह्यातलं तिला काही माहीत नाही. तिच्या चेहऱ्यावरून कळलं की तिला पेपर वाचायला लागल्यापासूनच माहीत होतं, आणि बाबा स्वतः कधी सांगतात ह्याची ती फक्त वाट बघत होती.

मी घाई केली नाही.

"केस पांढरे," मी म्हणाले. "मागच्या आठवड्यात मीच कापलेत, डाव्या बाजूला किंचित जास्त गेलेत. चष्मा कपाळावर चढवलाय, आता घरभर शोधेल. भुवयांच्या मधे आठी आहे. उजव्या गालावर तीळ. डोळे भरलेत. ओठ दाबून धरलेत, रडायचं नाही म्हणून. हनुवटी हलतेय."

"थांब," बाबा म्हणाले. "ओळखलं."

आणि त्यांनी आईला नावानं हाक मारली. शाळेच्या अर्जावर मी एकदा लिहिलेलं ते नाव, त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं.

"पुरे झाला चावटपणा," आई म्हणाली. "आधी ती पँट बदला." पण ती दारातून हलली नाही. चष्मा कपाळावर तसाच होता, बाबांची बोटं तिच्या गालावरचा तीळ शोधत होती, आणि त्यांना नीट चाचपता यावं म्हणून तिनं स्वतःचा चेहरा थोडा पुढे केला होता.